घाटबाबूचं वाक्य

१७ नोव्हेंबर १९८१, मंगळवार

आज नियमभंग, श्राद्धानंतर पुन्हा मासा खायचा दिवस. चौदा दिवसांनी घरात मासा शिजला. काकू येऊन रुई मासा करून गेल्या, मोहरीचं वाटण लावून. मी खाल्ला. काटेही नीट काढले. आईच्या ताटात नाही; विधवेला आता कधीच नाही. ती माझ्या ताटाकडे बघत होती. वाटलं काही बोलेल. म्हणाली, "पोटाकडचा तुकडा घे, काटे कमी असतात."

श्राद्धाला सत्तर माणसं होती. टालीगंजच्या सिनेमा स्टुडिओतले बरेच. जो तो म्हणत होता, निर्मलबाबूंसारखा माणूस होणे नाही. सगळ्यांचं एकच वाक्य. संवाद म्हणून कुणी लिहिलं असतं तर मणिमयदांनी खोडलं असतं.

मणिमयदा दिग्दर्शक, बाबा नट. बाबांचं शेवटचं चित्र त्यांचंच, नदीच्या घाटावरचं. अजून पुरं व्हायचंय. दारात पान चघळत उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं उरकलं ना आता? मग उद्या ये. काम आहे."

काकूंनी आईला विचारलं, "पोर रडली का?" आई बहिरी आहे, पण समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळतं. तिने मान हलवली. नाही.

नाहीच रडले. येत नाही तर काय करू?

१८ नोव्हेंबर

मणिमयदांनी आधी माझी वही परत दिली. नऊ महिने त्यांच्याकडे पडली होती. माझी पहिली आणि एकुलती पटकथा, नदी गाव खाते त्याची. म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण कोरडं लिहितेस. घर नदीत चाललंय, पोरगी ट्रंक घेऊन दारात उभी, आणि बाप काय म्हणतो? ‘तू पुढे हो. मागचं मी बघतो.’ बस? अगं, तिथे बापाला रडव की. प्रेक्षकाने तिकीट कशाला काढलंय?"

मी म्हटलं, "माझ्या ओळखीचे बाप असेच बोलतात."

"म्हणून तर त्यांच्यावर कुणी चित्र काढत नाही," मणिमयदा म्हणाले. स्वतःच हसले. मग एकदम आठवलं असावं, हसू आवरलं आणि वहिनींना चहा आणायला सांगितला.

मग काम. घाटाचं चित्र वितरक कुंडूबाबूंनी पाहिलं. त्यांना पसंत नाही. म्हणतात, वळण नाही यात. पोरगी नको त्या लग्नातून पळते, पहाटे घाटावर येते, घाटबाबू, म्हणजे तिथला तिकीट देणारा, तिला तिकिटाशिवाय नावेत बसवतो, ती सुटते. संपलं. "सुटली तर मग लोकांनी घरी जाऊन काय बोलायचं?" असं कुंडूबाबू म्हणाले म्हणे. त्यांना घाटबाबू फितूर हवाय. तोंडावर पोरीला नावेत बसवायचं आणि मागे तिच्या काकाच्या माणसाला खूण करायची. मग पलीकडच्या काठावर ती पकडली जाते. पकडली जाते ते पुन्हा चित्रित करता येईल, नटी हाताशी आहे. घाटबाबू हाताशी नाही.

घाटबाबू म्हणजे बाबा.

"शॉट तोच ठेवायचा," मणिमयदा म्हणाले. "फक्त तोंडात वाक्य दुसरं. आवाज हारानबाबू देतील. तुला ओठांवर बसतील असे शब्द शोधायचेत. घाटबाबूची सात वाक्यं, बस. आणि टायटलमध्ये तुझं नाव. संवाद म्हणून. एकटीचं."

मी विचारलं, "मलाच का?"

"दुसऱ्या कुणाला दिलं तर उद्या तुम्ही घरचे म्हणाल, मेलेल्या माणसाला बदनाम केलं. तू केलंस तर कोण काय बोलेल?" खरं बोलले. मणिमयदांचं एवढं बरं, खोटं बोलायचे कष्ट घेत नाहीत.

मी म्हटलं, बघते.

१९ नोव्हेंबर

हो म्हणून कळवलं.

का, ते लिहून ठेवावं म्हणून बसले. अर्धा तास झाला. दोन वर्षं झाली शाळेतली नोकरी सोडून, आणि अजून कुठल्याच पडद्यावर माझं नाव नाही. हे एक कारण. दुसरं सापडत नाही. नाही म्हणायला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

आईने आज बाबांचे सदरे उन्हात घातले. मग माझ्यासमोर येऊन बसली. "चित्र कधी लागणार त्यांचं?"

मी म्हटलं, फेब्रुवारीत. "फे-ब्रु-वा-री." तिच्याशी बोलताना मी असंच तोडून बोलते. बाबा कधी नाही बोलले.

मी व्हायच्या आधी तिला टायफॉइड झाला, त्यात कान गेले. माझा आवाज तिने कधी ऐकलेला नाही. बाबांनी तिला ओठ वाचायला शिकवलं, रोज कंदील जवळ घेऊन समोर बसायचे. पुढे पुढे तिच्याशी बोलताना आवाज काढणंच त्यांनी सोडून दिलं. नुसते ओठ. लहानपणी मला वाटायचं, दोघं माझ्याबद्दलच बोलतायत. मी खूप टक लावून बघायची. मला ते कधी जमलं नाही.

सिनेमात बाबांना कायम मागे उभं करायचे. गर्दीतला माणूस, कचेरीतला कारकून, लग्नातला दूरचा मामा. त्या शॉटमध्ये आवाज घेत नाहीत, काहीही बोला म्हणतात. बाकीचे एक-दोन-तीन मोजतात. बाबा आईशी बोलायचे. आधी डाव्या कानाला हात लावायचे, म्हणजे हे तुझ्यासाठी. मग म्हणायचे, "तुझी डाळ आज फार चांगली झाली होती" किंवा "हा पुढचा नट तोंडाला फार वास मारतो." सगळं थिएटर रडत असायचं आणि आई पदर तोंडात धरून हसायची. लोक वळून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज म्हणाली, "याच्यातही काहीतरी म्हटलं असेल बघ. शेवटचं."

मला एकदा वाटलं, हिलाच एडिटरकडे न्यावं, काय म्हणाले ते विचारून घ्यावं. पण मग हिला कळेल मी त्यांच्या तोंडात काय घालणार आहे ते. नको.

२५ नोव्हेंबर

एडिटर गोपेश्वरदांची खोली. खिडकीला काळा कागद, कोपऱ्यात स्टोव्ह, सगळीकडे फिल्मच्या पट्ट्या लटकलेल्या. गोपेश्वरदांनी बाबांबरोबर अठरा चित्रं केली. मला बघून म्हणाले, "बस. कुरमुरे खातेस?" बाकी काही नाही. बरं वाटलं.

सात वाक्यं. सहा सोपी आहेत. तिकिटाच्या खिडकीतली, चेहरा अर्धा अंधारात, काहीही बसवता येईल. सातवं अवघड. नावेतून घेतलेला शॉट, लांबची लेन्स लावून. बाबांचा चेहरा पडदाभर. कंदील उचलतात, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघतात, काहीतरी म्हणतात, कंदील खाली. आता ते बघतात तिथे कुंडूबाबूंना काकाचा मिशावाला माणूस हवाय. त्याचा एक शॉट आहे, चहाच्या टपरीशी उभा असलेला. तो पुढे जोडला की बाबा त्याच्याशीच बोलतायत असं दिसतं. गोपेश्वरदांनी जोडून दाखवलं. तसंच दिसतं.

मूळ पटकथेत वाक्य होतं, "लवकर चढ, पोरी." बाबा ते म्हणत नाहीयेत, हे माझ्यासारखीलाही कळतं. नावेत आवाजाचं यंत्र नेलं नव्हतं. सहायकाच्या तक्त्यात एवढंच: "निर्मलबाबूंनी संवाद बदलला. लिहून घेतला नाही."

"आईंसाठी काहीतरी असणार," गोपेश्वरदा म्हणाले. त्यांना बाबांची सवय माहीत आहे.

ते सोडून देऊन मी मोजायला लागले. प, ब, भ, म आला की ओठ मिटतात. तिथे दुसरं अक्षर चालत नाही, लगेच खोटं वाटतं. बाकी जिभेचं काय ते कुणी बघत नाही. चार वेळा मिटतात. एकदा सुरुवातीला. मग श्वास. मग तीनदा, जवळजवळ.

२६ नोव्हेंबर

तेच. चाळीस वेळा फिरवून बघितलं. काल दाढी नीट केलेली नव्हती त्यांनी, हनुवटीखाली राहिली आहे. काल म्हणजे ऑक्टोबरात.

२८ नोव्हेंबर

बाबा आणि मी अकरा महिने बोललो नव्हतो. लिहूनच टाकते, कुणी वाचत नाहीये.

शाळा सोडली तेव्हा नुसतेच घुमे झाले होते. पण मणिमयदांकडे जायला लागले तेव्हा म्हणाले, "तीस वर्षं मी पडद्यावर उभा राहिलो. माझं नाव यायच्या आत लोक उठून चपला शोधतात. मी निदान पडद्यावर तरी होतो. तू कुठे असणार आहेस?" मी म्हटलं, "तुम्हाला मागे उभं करतात म्हणून मीही मागेच राहायचं का?" हे बोलायला नको होतं. त्या दिवसापासून बोलणं बंद.

त्यातही गंमत अशी की निरोप बहिऱ्या आईमार्फत. बाबा आईकडे तोंड करून ओठ हलवायचे. आई मला ओरडून सांगायची, "ते म्हणतात, छत्री ने." मी आईला म्हणायची, "सांग, नेते." आई त्यांना सांगायची, "नेते म्हणते." बाबा दोन हातांवर बसलेले, कान शाबूत.

माघात मी पटकथेची वही त्यांच्या खाटेवर ठेवली. काही न बोलता. सकाळी दारापाशी माझ्या चपलांवर होती. सुतळी तशीच बांधलेली, गाठसुद्धा माझीच. आईला म्हटलं, "विचार, वाचली का." त्यांनी ओठ हलवले. आईने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "नाही म्हणतात." मग वही मणिमयदांना देऊन आले.

२ डिसेंबर

काही नाही. डाळ करपली.

३ डिसेंबर

सहा वाक्यं बसली. सातवं नाही. "पकडा हिला" – श्वासाची जागा जाते. "बाबू, आली बघा" – सुरुवात चुकते. वहीची चार पानं भरली अशा वाक्यांनी. सगळ्या वाक्यांत बाबा नीच आहेत, कमी-जास्त.

५ डिसेंबर, शनिवार

सापडलं.

गोपेश्वरदा कंटाळले होते. म्हणाले, "कशाला जीव काढतेस? कंदील उचलला की कापतो. ओठ दिसायलाच नकोत. मिशावाला बघतो, नाव सुटते, लोकांना कळतं." बरोबर होतं त्यांचं. सोपं झालं असतं.

मी म्हटलं, "नका कापू. मी वाक्य देते, पूर्ण लांबीचं."

का म्हटलं? कापलं असतं तर आईला फेब्रुवारीत काहीच दिसलं नसतं. तिला आवाजाशी काय करायचंय? तिच्यासाठी ओठ राहू देत, बाकीच्यांसाठी मी काय ते बघते, असा हिशेब होता डोक्यात. शॉट वाचवायचा तर शॉट भरून उरेल असं फितुरीचं वाक्य हवं. मग पाच मिनिटांत आलं.

"हीच पोरगी. माझं मग बघा."

पो. श्वास. मा. म. ब. गोपेश्वरदांनी फिरवलं आणि मी त्यांच्या कानाशी म्हणत गेले. तिसऱ्यांदा त्यांनी यंत्र थांबवलं. कुरमुऱ्यांचा हात पुसला. म्हणाले, "निर्मलदांनी हेच म्हटलं असं वाटतं गं." मग स्टोव्ह पेटवायला उठले.

मणिमयदांनी संध्याकाळी बघितलं. "माझं मग बघा! वा! पैशाचं नाव नाही, आणि माणूस उघडा पडला. कोरडं लिहितेस म्हणून बोललो होतो, परत घेतो."

घरी येताना ट्रामच्या दोन थांब्यांपर्यंत मला आनंद झाला होता. खोटं कशाला लिहू.

११ डिसेंबर, शुक्रवार

डबिंग. तेवढ्या तुकड्याची माळ करून पडद्यावर फिरवत ठेवतात. बाबा कंदील उचलतात, बोलतात, खाली ठेवतात. परत उचलतात.

हारानबाबू बाबांच्याच वयाचे. आवाज देणं हाच धंदा. माइकपाशी जायच्या आधी चपला काढल्या आणि पडद्याला नमस्कार केला. म्हणाले, "निर्मल, पोटासाठी आहे रे, राग मानू नको." मग माझ्याकडे वळून, "पोरी, तू बाहेर बस की. कशाला बघतेस?"

मी म्हटलं, "तुम्हाला खूण कोण करणार?"

ओठ मिटायच्या जागी मी त्यांच्या खांद्यावर बोट टेकवायचं असं ठरलं. चौदा वेळा झालं. पहिल्यांदा फार खलनायकी झालं. नवव्यांदा लोडशेडिंग झालं, तासभर अंधारात मातीच्या भांड्यातला चहा पीत बसलो. हारानबाबू बाबांच्या गोष्टी सांगत होते. एकदा म्हणे बाबांना पोलिसाची भूमिका मिळाली, तर चोराला पकडल्यावर त्याला पंख्याने वारा घालत बसले. मी हसले सुद्धा.

चौदाव्यांदा जमलं. बाबांच्या तोंडातून वाक्य आलं. दमलेला, जरा लाजलेला आवाज. बघायला नको अशी गोष्ट बघतेय असं वाटायला हवं होतं. मी ‘मग’चा म बघत होते, किंचित मागे पडतो का. नाही पडला.

१२ डिसेंबर

कुंडूबाबूंनी मडकंभर संदेश पाठवले, नव्या गुळाची छेन्याची मिठाई. आणि निरोप: पुढच्या दोन चित्रांचे संवाद निर्मल हाजरांच्या मुलीलाच द्या.

आईने दोन खाल्ले. "कशाबद्दल?" म्हणाली. मी म्हटलं, "काम आवडलं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाबांच्या तसबिरीपुढे एक ठेवला. मुंग्या झाल्या त्याला रात्रीपर्यंत.

९ जानेवारी १९८२

कुंडूबाबूंचं दुसरं चित्र लिहितेय. दोन जुळे भाऊ. भराभर होतं. रोज आठ पानं. आधी एका पानाला चार दिवस लागायचे.

झोप चांगली लागते. जेवते. वजन वाढलंय असं काकू म्हणतात.

३० जानेवारी, शनिवार

सरस्वतीपूजा. आजच्या दिवशी लेखणी देवीपुढे, लिहायचं नाही. पण आमच्याकडे वर्षभर कुठलीच पूजा नाही, अशौच. म्हणून लिहिते.

गल्लीतल्या पोरी पिवळ्या साड्या नेसून अडखळत चाललेल्या. मी टायटलं बघायला गेले होते, रंगवणाऱ्या पंचाननदांकडे. काळ्या बोर्डावर पांढरी अक्षरं, ओळीने वाळत ठेवलेली. माझं नाव शोधलं. संवाद – विनता हाजरा. सुरेख वळण. आणि नावाच्या आधी, जरा वर, चंद्रबिंदू.

मेलेल्याच्या नावाआधी काढतात तो. यादीत दोन हाजरा, पंचाननदांनी तो बाबांचा माझ्यावर घातला. बाबांचं नाव खालच्या बोर्डावर, नटांच्या यादीत अकरावं, अगदी धडधाकट.

मी बराच वेळ बघत उभी राहिले. पंचाननदांनीच मग बघितलं. जीभ चावली, कान धरले. "माय गं! जिवंत पोरीला! आत्ता पुसतो –" आणि थांबले. ब्रश सगळे देवीच्या पायाशी. आज हात लावायचा नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "उद्या पुसा."

"अगं, रात्रभर तसंच ठेवायचं?"

"काय होतंय?"

बिचाऱ्यांनी मग प्रसादाची खिचडी दिली द्रोणात. चांगली होती.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

लागलं.

मी एकटी गेले, दुपारच्या खेळाला, मागे भिंतीशी उभी राहिले. माझं नाव पडद्यावर किती वेळ असतं? चार सेकंद, एकटीचं. एक माणूस तेव्हाच खोकला. मी स्वतःकडे लक्ष ठेवून होते, काय होतंय बघायला. काही झालं नाही.

मग घाट आला. पहाट, धुकं, कंदील. "हीच पोरगी. माझं मग बघा." मग पुढून कुणीतरी ओरडलं, "अरे हलकट म्हाताऱ्या!" आणि सगळं थिएटर उठलं. शिट्ट्या, शिव्या. एकाने पडद्यावर शेंगांची पुडी फेकली, ती बाबांच्या गालावर लागली. माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "हाच तो, कायम गरीब गाय असतो बघ. मनातून असा!"

तीस वर्षांत बाबांना कुणी थिएटरमध्ये ओळखलं नव्हतं. आज ओळखलं.

वाक्य चाललं. माझ्या मनात आलं ते हेच.

१३ फेब्रुवारी

आई ऐकत नाही. मी म्हटलं तिकिटं नाहीत. म्हणाली, मणिमयला सांग. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. म्हणाली, "शेजारची बीणा काल बघून आली, माझ्याशी नीट बोलली नाही. काय आहे त्याच्यात?"

मग सांगितलं. तोडून तोडून, एकेक शब्द. घाटबाबू फितूर आहे. आधी नव्हता, नंतर केला. मी केला. वाक्य माझं आहे.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "ओठ ठेवलेत ना त्यांचे?"

ठेवलेत.

"मग उद्या चल."

१४ फेब्रुवारी, रविवार

नेलं आईला. पांढऱ्या साडीवर बाबांची शाल. घाट आला तेव्हा ती पुढे सरकली. हारानबाबूंचा आवाज, शिट्ट्या, शिव्या, तिला काहीच नाही. पण हसली नाही या वेळी. पदरही तोंडाशी नेला नाही. कपाळाला आठी.

घरी आल्यावर तिने स्टोव्हवर पाणी ठेवलं आणि मग म्हणाली, "कानाला हात लावला नाही त्यांनी. माझ्यासाठी नव्हतं ते. मग कुणाला म्हणाले गं?"

"काय म्हणाले?"

आईने आधी बाबांसारखे नुसते ओठ हलवले. मग तिच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "‘तू पुढे हो. मागचं मी बघतो.’"

पु. श्वास. मा. मी. ब. दहा दिवस ते तोंड फिरवून फिरवून बघत होते मी. माझंच वाक्य होतं, वहीतल्या बापाचं. गाठ सोडून त्यांनी वही वाचली, पाठ केली आणि गाठ परत तशीच बांधली. आणि मी त्यावर दुसरं घातलं. उद्याही तीन खेळ आहेत.

आई विचारत होती, "सांग ना, कुणाला?"

मला तोडून बोलता येईना. श्वासच पुरेना, नाक वाहायला लागलेलं. तिने माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं, ओठ दिसावेत म्हणून.

मी म्हटलं, मला.